बाइकवरचा टॅब आणि बाहेरचा जीपीएस रिसीव्हर: कधी लागतो, कधी नाही

बाइकला फोनऐवजी टॅब लावून रस्ता बघायची कल्पना हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात असते, आणि ती चांगलीच आहे. आठ इंची पडद्यावर पुढचं वळण आणि त्याच्या पुढचंही एका नजरेत कळतं. फोन खिशात कोरडा राहतो आणि संध्याकाळी घरी कळवण्यापुरती बॅटरी शिल्लक असते. आणखी एक कारण फारसं कुणाला माहीत नसतं. चांगल्या फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग किंचित सरकवणारी यंत्रणा असते. मोटरसायकलच्या इंजिनाची जोरदार कंपनं हँडलमधून सतत पोचत राहिली तर कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा खुद्द ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता. बहुतेक टॅबच्या कॅमेऱ्यात ही यंत्रणा नसतेच.

अडचण येते ती टॅब लावून शहराबाहेर पडल्यावर. घरात, सोसायटीच्या गेटवर, अगदी ठाण्यापर्यंत निळा ठिपका बरोबर असतो. भिवंडी मागे टाकून कसाऱ्याच्या दिशेने लागलं की तो एका जागी चिकटून बसतो. मग कुणीतरी सल्ला देतं, ब्लूटूथवाला बाहेरचा जीपीएस रिसीव्हर घे. सल्ला कधी बरोबर असतो, कधी नाही. रिसीव्हर एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: मी आत्ता कुठे आहे? कुठून जायचं हे ॲप आणि नकाशा ठरवतात. रस्ता चुकला की दोष यांतल्या कुणाचा, हे ओळखता आलं तरच खरेदी शहाणपणाची होते.

घरात चालतं, हायवेवर का नाही

टॅबला आपली जागा दोन वेगळ्या मार्गांनी कळते. पहिला मार्ग वाय-फायचा. आजूबाजूला कोणते वाय-फाय राउटर दिसतात ते टॅब पाहतो, ती यादी कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, आणि ‘हे राउटर अमुक ठिकाणचे’ असं उत्तर मिळतं. मुंबईत दर दहा पावलांवर राउटर असल्यामुळे हे उत्तर बऱ्यापैकी बरोबर येतं. दुसरा मार्ग उपग्रहांचा, म्हणजे खरा जीपीएस. त्यासाठी टॅबच्या आत रिसीव्हरची चिप आणि अँटेना असावी लागते.

पहिल्या मार्गालाच जीपीएस समजणं, ही गफलत फार होते. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतो. सिमकार्डवाल्या मॉडेलमध्ये असतो, आणि त्यात सिम घातलं नाही तरी चालतो. अँड्रॉइड टॅबचं कंपनीगणिक वेगळं आहे, म्हणून तपशिलाच्या पानावर जीपीएस हा शब्द शोधावाच. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ‘जीपीएसटेस्ट’सारखं मोफत ॲप टाकून मोकळ्या गच्चीवर उभं राहायचं. आत रिसीव्हर असेल तर मिनिटाभरात उपग्रहांची यादी आणि प्रत्येकासमोर सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसू लागतो. तिथे काहीच उमटलं नाही, तर तुमच्या टॅबला बाहेरच्या रिसीव्हरची खरी गरज आहे. बाकी सगळ्या बाबतीत थोडं थांबून विचार करायला जागा आहे.

वर नेमकं काय घडतं

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असतं. ‘मी अमुक उपग्रह, आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत, आणि मी इथे आहे’ एवढंच तो सतत सांगत असतो. रिसीव्हर फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही. डोक्यावरच्या उपग्रहाचा सिग्नल पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून अंतर निघतं, आणि अशी अंतरं जुळवून जागा निघते. तीन उपग्रहांनी भागेल असं वाटतं, पण चौथा लागतोच. कारण रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ साधं असतं, आणि त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. चौथ्या उपग्रहाच्या मदतीने रिसीव्हर आपल्या घड्याळाची चूक काढून टाकतो.

यात इंटरनेट कुठेही आलं नाही, हे लक्षात ठेवा. जागा कळायला नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशा उतरवायला, ट्रॅफिक बघायला आणि सुरुवात लवकर व्हायला. उपग्रह स्वतःच्या मार्गाची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. एका उपग्रहाची आवश्यक माहिती मिळायला सुमारे ३० सेकंद, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळायला १२.५ मिनिटं लागतात. फोन हीच माहिती नेटवरून क्षणात उतरवतो. बाहेरच्या रिसीव्हरला सहसा ती सोय नसते. म्हणून बरेच दिवस कपाटात पडलेला रिसीव्हर चालू करून लगेच किक मारू नये. हेल्मेट, जॅकेट घालून होईपर्यंत तो मोकळ्या आकाशाखाली ठेवावा.

हा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की रिसीव्हरच्या आतल्या नैसर्गिक गोंगाटापेक्षाही खाली जातो. त्याचा नमुना आधीपासून माहीत असतो, म्हणूनच तो गोंगाटातून शोधून काढता येतो. त्यामुळे धातूचा पत्रा, काँक्रीटचा स्लॅब किंवा आपलंच शरीर मध्ये आलं तरी फरक पडतो. पावसाने मात्र फारसा पडत नाही.

मुंबईतला मोठा शत्रू वेगळा आहे: परावर्तन. लोअर परळच्या टॉवरांमधून जाताना सिग्नल सरळ न येता काचेवर आपटून येतो. वाट लांबली म्हणजे वेळ वाढला, वेळ वाढला म्हणजे अंतर चुकलं, आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जातो. चांगल्या बाहेरच्या रिसीव्हरचा खरा फायदा इथे दिसतो. उपग्रहाच्या सिग्नलला दोरीसारखा एका दिशेचा पीळ असतो, आणि तो भिंतीवर आपटला की पीळ बराचसा उलटतो. रिसीव्हरमधली चौकोनी सिरॅमिक अँटेना सुलट पिळाचा सिग्नल घ्यायला बनवलेली असते, त्यामुळे आपटून आलेले बरेच सिग्नल ती आपसूक मागे टाकते. टॅबच्या कडेला बसवलेल्या पट्टीसारख्या अँटेनाला हा भेद नीट कळत नाही. पण त्यासाठी सिरॅमिकचा चौकोन आकाशाकडे तोंड करून आडवा हवा. जॅकेटच्या खिशात उभा कोंबलेला रिसीव्हर हा गुण गमावतो. पेट्रोलच्या टाकीवर बसवायच्या टँक बॅगच्या वरच्या पारदर्शक कप्प्यात किंवा मागच्या कॅरियरवर, बॅगेच्या वर, ही त्याची योग्य जागा. प्लॅस्टिक आणि कापड आड आलं तर चालतं, धातू नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी पाहाव्यात. रिसीव्हर फक्त अमेरिकेच्या जीपीएसवर अवलंबून नको. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू धरून आज आकाशात शंभरावर उपग्रह आहेत. माळशेजसारख्या घाटात डोंगराने अर्धं आकाश झाकलं तरी उरलेल्या अर्ध्यात पुरेसे सापडतात ते यामुळेच. दुसरी गोष्ट म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी: एल१, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ, आणि एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ. वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभार सिग्नलला उशीर करतो, आणि आपल्या अक्षांशावर हा परिणाम बराच जाणवतो. दोन फ्रिक्वेन्सींना वेगवेगळा उशीर होत असल्यामुळे त्यांची तुलना करून चूक काढता येते. नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह यंत्रणेचे सुरुवातीचे उपग्रह एल१ वर बोलतच नाहीत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून एल१ ची भर पडली. त्यामुळे डब्यावर नुसतं नाविक हे नाव बघण्यापेक्षा एल५ आहे का ते विचारा. जीपीएसच्या जागेतली चूक कमी करणाऱ्या सुधारणा पाठवणारी ‘गगन’ ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची यंत्रणा आहे. ती मुळात विमानांसाठी उभारली, पण रिसीव्हरला समजत असेल तर आपल्यालाही फुकट मिळते.

सेकंदाला एकदा की दहादा

ताशी ६० च्या वेगाने बाइक एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. रिसीव्हर सेकंदाला एकदाच जागा कळवत असेल, तर पडद्यावरचा बाण तेवढा मागे राहू शकतो. सेकंदाला दहा वेळा कळवणाऱ्या रिसीव्हरमध्ये हे अंतर दोन मीटरच्या आत येतं. मोकळ्या हायवेवर याने काही बिघडत नाही. पण ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरायचा फाटा शंभर मीटरवर असतो, तेव्हा १७ मीटर म्हणजे बरंच काही. बरीच ॲप मधली जागा अंदाजाने भरून बाण सरकता ठेवतात, म्हणून फरक कागदावर दिसतो तितका प्रत्यक्षात जाणवेलच असं नाही. दहावाला मिळाला तर घ्यावा, पण तेवढ्यासाठी दुप्पट पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे.

सिग्नलला उभं असताना नकाशा गरागरा फिरतो, त्याचा रिसीव्हरच्या दर्जाशी संबंध नसतो. जीपीएसला दिशा कळते ती तुम्ही चालत असताना, दोन जागांच्या फरकावरून. थांबलात की दिशा उरत नाही. मग ॲप टॅबच्या चुंबकीय होकायंत्राकडे बघतं, आणि बाइकवरच्या लोखंडाने किंवा चुंबकाच्या माउंटने ते आधीच गोंधळलेलं असतं. दहा मीटर पुढे गेलं की सगळं जागेवर येतं.

जे रिसीव्हरने सुटत नाही

माझ्या मते मुंबईतल्या बाइकवाल्याची मोठी अडचण इथे आहे. वांद्रे-वरळी सी लिंकवर दुचाकीला बंदी आहे. कोस्टल रोडवर बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर बंदी आहे. जेजे उड्डाणपुलावर बंदी, पुणे द्रुतगती मार्गावर बंदी. ॲप मोटारगाडीच्या सेटिंगवर असेल तर वांद्र्याहून वरळीला जाताना ते बिनदिक्कत सी लिंककडे पाठवेल, मग ठिपका एक मीटरपर्यंत अचूक असला तरी काय उपयोग? तिथे माहीम कॉजवेनेच जायचं, हे नकाशाला माहीत असावं लागतं. गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतातच पहिल्यांदा दुचाकीचा पर्याय दिला. टॅबवरच्या ॲपमध्ये तो निवडलेला आहे का, हे निघण्याआधी बघा. ओएसएमअँडसारख्या, पूर्ण नकाशा टॅबमध्ये उतरवून नेटशिवाय चालणाऱ्या ॲपमध्येही मोटरसायकलचा पर्याय आहे. पण तिथे बंदीची नोंद नकाशात कुणीतरी केलेली असेल तरच ती पाळली जाते. म्हणून मोठ्या प्रवासाचा रस्ता आदल्या रात्री घरी बसून एकदा डोळ्यांखालून घालावा, आणि नको त्या पुलावरून जात असेल तर मध्ये थांबा टाकून वळवून घ्यावा.

उड्डाणपूल हा दुसरा प्रश्न. पुलावर आहोत की पुलाखाली, हे उंचीवरून ठरवावं लागतं, आणि उपग्रहांवरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा नेहमीच कमी खात्रीची असते, कारण उपग्रह सगळे आपल्या वरच असतात, पायाखाली एकही नसतो. पूल सहा-आठ मीटर उंच आणि उंचीतली चूकही साधारण तेवढीच, तर निवाडा कसा होणार? त्यात ॲपची सवय असते की ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून बसवायचा. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासारख्या दुमजली जागी ते वरचा धरतं की खालचा, हे सांगता येत नाही. खोपोली-खंडाळ्याच्या घाटात जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग काही ठिकाणी शेजारी-शेजारी येतात, तिथेही हेच. अशा ठिकाणी पाटी वाचावी, पडद्याकडे बघू नये. बोगद्यात तर आकाशच नसतं, आणि सहसा दिसणारे ब्लूटूथ रिसीव्हर तिथे गप्प बसतात.

टॅबशी जोडताना

रिसीव्हर टॅबला जे पाठवतो ते साध्या मजकुराच्या ओळी असतात. या ओळींच्या पद्धतीला एनएमईए म्हणतात. जोडणी चालू आहे का हे बघायला त्यातली एक ओळ वाचता येणं उपयोगी पडतं. अक्षांशाच्या जागी १९०४.५६० असा आकडा दिसला तर तो १९ अंश आणि ०४.५६० मिनिटं असा वाचायचा. मिनिटांना ६० ने भागलं की १९.०७६ अंश मिळतात. रेखांशाच्या जागी ०७२५२.६६२ म्हणजे ७२ अंश ५२.६६२ मिनिटं, म्हणजे ७२.८७७७. हे मुंबईचेच आकडे. हा मजकूर नकाशाच्या ॲपमध्ये नुसता चिकटवला तर जागा भलतीकडे दाखवली जाते, ती रिसीव्हरची चूक नव्हे. त्याच माहितीत एचडीओपी नावाचा आकडा असतो. उपग्रह आकाशात किती चांगले पसरलेत हे तो सांगतो. एकच्या आसपास उत्तम, पाचच्या वर गेला तर ठिपक्यावर विसंबू नये.

आयपॅडला ॲपलने मान्यता दिलेलाच रिसीव्हर लागतो. गार्मिन ग्लो, बॅड एल्फ आणि ड्युअल ही त्यातली ओळखीची नावं. एकदा ब्लूटूथने जोडला की सगळ्या ॲपना त्याचीच जागा मिळते, वेगळं काही करावं लागत नाही. अँड्रॉइडला जवळजवळ कोणताही चालतो, पण मध्ये एक ॲप लागतं. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ‘मॉक लोकेशन’ या ठिकाणी त्या ॲपचं नाव निवडायचं. मग ते ॲप रिसीव्हरची जागा टॅबची जागा म्हणून पुढे देतं. सोबत गूगलची ‘लोकेशन ॲक्युरसी’ बंद करावी, नाहीतर वाय-फायचा अंदाज आणि रिसीव्हरची जागा यांची ओढाताण होऊन ठिपका उड्या मारतो. हजेरीची, डिलिव्हरीची काही ॲप मॉक लोकेशन चालू दिसलं की काम करायला नकार देतात. अशी ॲप टॅबवर असतील तर प्रवास संपल्यावर ते बंद करावं.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत रिसीव्हरचे सुटे मॉड्यूल मिळतात, आणि यूएसबी केबलने टॅबला जोडायचे स्वस्त रिसीव्हरही असतात. त्यांना वेगळी बॅटरी लागत नाही हे खरं. पण बाइकच्या कंपनात केबलचं टोक सैल होतं आणि चार्जिंगची जागाही अडते. बाइकवर ब्लूटूथच बरं.

वीज, ऊन, पाऊस

चार्जर बाइकच्या बॅटरीवरून घ्यावा, फ्यूज लावून, आणि चावी बंद केली की वीज तुटेल अशा बेताने. इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. स्वस्त चार्जरच्या सर्किटमधून निघणारी रेडिओ गडबड जीपीएसचा क्षीण सिग्नल बुडवू शकते. उपग्रहांची यादी उघडा, चार्जर काढून आणि लावून सिग्नलचे आकडे बघा. चाळीसच्या वर असलेले आकडे चार्जर लावताच तिशीच्या खाली आले, तर रिसीव्हर नव्हे, चार्जर बदला.

आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगतं. मे महिन्यात सायन-पनवेल हायवेवर, थेट उन्हात, पूर्ण ब्राइटनेसवर ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि पडदा अंधारतो. टॅबच्या मागून वारा खेळता राहील असं माउंट घ्यावं, बंद प्लॅस्टिकची पिशवी उन्हाळ्यात नको. पावसाळ्यात उलट त्रास. पाण्याचे थेंब पडद्याला बोटासारखे वाटतात आणि नकाशा आपोआप सरकतो. ओल्या ग्लव्हने तो परत आणता येत नाही. जून ते सप्टेंबर मी टॅब बॅगेत ठेवून फक्त हेल्मेटमधल्या आवाजावर चालवणं पसंत करतो. रिसीव्हर बॅगेच्या वरच्या कप्प्यात असला की टॅब आत असूनही ठिपका बरोबर राहतो, आणि ही सोय टॅबच्या स्वतःच्या अँटेनाने तितकी मिळत नाही.

कायद्याचंही बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे वाहन चालवताना हातात धरायचं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी, आणि चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येतं. टॅब स्पीडोमीटर झाकत असेल, हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासत असेल किंवा क्लचच्या केबलला ओढ देत असेल, तर माउंटची जागा चुकली आहे. पत्ता टाइप करायचा तर बाजूला थांबूनच.

टॅबमध्ये आधीच जीपीएस असेल आणि तरीही बाहेरचा घ्यावा का हा प्रश्न असेल, तर मित्राचा रिसीव्हर एका रविवारपुरता मागून घ्या. परळहून दादरमार्गे सायनपर्यंत एकदा टॅबच्या स्वतःच्या जीपीएसवर आणि एकदा बाहेरच्या रिसीव्हरवर जा. दोन्ही वेळा ॲपमध्ये मार्ग नोंदवायची सोय चालू ठेवा. घरी आल्यावर दोन्ही रेघा एकाच नकाशावर ठेवून बघा, टॉवरांच्या मध्ये आणि पुलांखाली कोणती रेघ रस्ता सोडून किती भरकटली. दोन्ही रेघा जवळपास एकच असतील तर तेच पैसे चांगल्या माउंटला आणि चार्जरला घाला.